वशिंडाचा डॉल्फिन

मालवण-तारकर्लीला किंवा दापोलीजवळच्या मुरूडला सकाळच्या होडीने डॉल्फिन पाहायला गेलेला पर्यटक पुष्कळदा हिरमुसून परततो. त्याच्या मनात हवेत उंच उडी घेणारा, चित्रपटातला डॉल्फिन असतो. प्रत्यक्षात करडी पाठ क्षणभर वर येते आणि दिसेनाशी होते. ती पाठ कशी पाहायची, हे मात्र त्याला कोणी सांगितलेले नसते.

आपल्या किनाऱ्यालगत नेहमी आढळणारा हा प्राणी म्हणजे हिंदी महासागरातला कुबडा डॉल्फिन, शास्त्रीय नाव सूसा प्लंबिया. कोकणातले मच्छीमार त्याला गादा म्हणतात. पाठीच्या मध्यावर बैलाच्या वशिंडासारखा लांबट उंचवटा आणि त्यावर छोटासा पर, ही त्याची खूण. इतर बहुतेक डॉल्फिनांचा पर सरळ पाठीतूनच वर येतो. पिलांत वशिंड फारसे जाणवत नाही. वयाबरोबर ते भरत जाते. आपल्याच पाण्यातल्या भुलग्याला तर पाठीवर परही नसतो आणि चोचही नसते. गाद्याची चोच लांब, निमुळती असते. श्वासासाठी वर येताना बहुधा आधी तीच दिसते, मग वशिंड. पूर्ण वाढलेला गादा अडीच मीटरच्या पुढे जातो.

फ्रेंच शास्त्रज्ञ क्यूव्हिए यांनी 1829 मध्ये मलबार किनाऱ्यावरच्या नमुन्यावरून त्याचे वर्णन केले. लॅटिनमध्ये प्लंबम म्हणजे शिसे. रंगावरून हे नाव पडले. पुढे बराच काळ त्याला चीनकडच्या, वयाबरोबर पांढरट-गुलाबी होणाऱ्या डॉल्फिनाचाच भाऊबंद समजून एकाच जातीत धरले जाई. त्या डॉल्फिनाला असे वशिंड नसते. 2014 मध्ये सूसा प्रजातीच्या चार जाती मानल्या गेल्या आणि आपला गादा वेगळा निघाला. वेगळा निघाल्यावर त्याची संख्याही वेगळी मोजावी लागली. 2017 मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत तो ‘संकटग्रस्त’ ठरला.

कारण त्याच्या राहणीतच आहे. साधारण पंचवीस मीटरपेक्षा उथळ पाणी, खाड्यांची मुखे, किनाऱ्याची चिंचोळी पट्टी एवढेच त्याचे जग. बोय, तारली, ढोमा हे त्याचे खाद्य आणि आपलेही. साहजिकच जिथे जाळी, तिथे गादा. जाळे फाटले की मच्छीमाराचे नुकसान. जाळ्यात अडकला, तर श्वास कोंडून गाद्याचा जीव जातो. मादीला एका वेळी एकच पिलू होते आणि पुढच्या पिलापर्यंत सुमारे तीन वर्षे जातात. त्यामुळे गेलेला एक जीव लवकर भरून निघत नाही.

म्हणूनच वाळूवर मेलेला डॉल्फिन दिसला, तर ‘मोठा मासा लागला’ म्हणून पुढे जाऊ नये. पाठ पाहावी, वशिंडाचे छायाचित्र घ्यावे आणि वनविभागाला कळवावे. कोणता जीव गेला याची नोंदच नसेल, तर किती उरले हे कसे कळणार?