समुद्रातले १२ मैल मोजायचे कशाने?

कोकणातले मच्छीमार पाण्याची खोली ‘वाव’मध्ये मोजत आले. दोन्ही हात पसरायचे, या टोकापासून त्या टोकापर्यंतचं अंतर म्हणजे एक वाव. हिशेब सोपा, पण हात प्रत्येकाचे वेगळे.

कायद्याला हे चालत नाही. राज्याचा १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा चालतो तो १२ सागरी मैलांपर्यंतच्या पाण्यात. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांचा वाद जुना आहे आणि त्यात हा प्रश्न हटकून येतो: बोट रेषेच्या आत होती की बाहेर? एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. बारा मैल म्हणजे २२,२२४ मीटर.

पण मीटर म्हणजे तरी किती?

१८८९ पासून उत्तर होतं, पॅरिसजवळ जपून ठेवलेली प्लॅटिनम-इरिडियमची पट्टी. तिच्यावरच्या दोन रेघांमधलं अंतर म्हणजे मीटर. आता पट्टी म्हटली की ती तापली की वाढणार, आदळली की बिघडणार. जेम्स क्लार्क मॅक्सवेलनं १८७० मध्येच सुचवलं होतं की कायमचं माप हवं असेल तर ते अणूंमध्ये शोधा. एका मूलद्रव्याचा अणू कुठेही सारखाच, आणि त्यातून निघणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबीही तीच.

अल्बर्ट मायकेलसननं १८९२-९३ मध्ये हे करून दाखवलं. एका मीटरमध्ये कॅडमियमच्या लाल प्रकाशाच्या किती लहरी बसतात, ते त्यानं मोजलं. उत्तर आलं साधारण साडेपंधरा लाख. तरी पट्टी निवृत्त व्हायला १९६० साल उजाडलं. तेव्हा ठरलं की क्रिप्टॉन-८६ च्या नारंगी प्रकाशाच्या १६,५०,७६३.७३ तरंगलांब्या म्हणजे एक मीटर. दशांशानंतरचे ते ७३ उगाच नाहीत. जुना मीटर बदलू नये म्हणून आकडा असा जुळवावा लागला.

मग लेसर आले आणि क्रिप्टॉनचा प्रकाशच ढोबळ ठरला. शेवटी १९८३ मध्ये उलटाच डाव टाकला गेला. प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर असा कायमचा ठरवून टाकला आणि मीटर त्यावरून काढायचा. तरंगलांबी मात्र गेली नाही. प्रयोगशाळेत मीटर प्रत्यक्ष उतरवायला आजही आयोडीनच्या आधारे स्थिर केलेला, ६३३ नॅनोमीटरचा लाल लेसर वापरतात. भारताचा मीटर सांभाळण्याचं काम दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे आहे.

बोटीवरचा जीपीएस हेच गणित करतो. उपग्रहाचा संदेश किती वेळात पोचला ते बघायचं, त्याला प्रकाशाच्या वेगानं गुणायचं, अंतर तयार. बारा सागरी मैल पार करायला प्रकाशाला फक्त ७४ मायक्रोसेकंद लागतात. म्हणूनच उपग्रहांत अणुघड्याळं असतात. त्यातलं एक जरी मायक्रोसेकंदानं चुकलं, तरी त्या उपग्रहापासूनचं अंतर ३०० मीटरनं चुकतं. रेषेजवळची बोट आतली की बाहेरची, हे ठरवायला तेवढी चूक फार झाली.