जहाजावरचा झेंडा कुणाचा?

माझ्या हाताखाली भूगोल शिकलेला रोहिणखेडचा एक मुलगा मर्चंट नेव्हीत आहे. त्याच्या आईने मला विचारलं, "सर, त्याचं जहाज लायबेरियाचं हाय म्हनते. पोरगं आफ्रिकेत गेलं का?" समुद्र इथून चारशे किलोमीटर दूर, प्रश्न रास्तच होता. पोरगं आफ्रिकेत नव्हतं. जहाजाचा मालक ग्रीक, खलाशी भारतीय आणि फिलिपिनो, झेंडा तेवढा लायबेरियाचा.

मलकापूरच्या महामार्गावर नागालँड पासिंगचे ट्रक दिसतात ना, मालक भलतीकडचा आणि नोंदणी तिकडची, तसंच हे. समुद्रात प्रत्येक जहाजाला कुठल्या तरी एका देशाचं राष्ट्रीयत्व लागतं आणि खुल्या समुद्रात जहाजावर त्याच देशाचा कायदा चालतो. १९२२ साली अमेरिकेत दारूबंदी असताना तीतून सुटण्यासाठी तिथली दोन प्रवासी जहाजं पनामाच्या झेंड्याखाली गेली. १९२५ मध्ये पनामाने कायदा करून परदेशी मालकांना नोंदणी खुली केली. लायबेरियाचा कायदा १९४८ चा. त्यामागे होते एडवर्ड स्टेटिनियस, अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री. आजही लायबेरियाची नोंदणी अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून एक खासगी कंपनी चालवते. मार्शल बेटांचंही तसंच. मंगोलियाला तर समुद्रच नाही, त्याची जहाजनोंदणी सिंगापुरातून होते. छोट्या देशाला नोंदणी फी आणि जहाजाच्या टनांवर वार्षिक कर मिळतो. मालकाचा कर वाचतो आणि कुठल्याही देशाचे खलाशी ठेवता येतात. तपासणी बहुतेक वेळा वर्गीकरण संस्थांकडे, म्हणजे जहाजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थांकडे, सोपवलेली असते.

मुंबईने याची एक बाजू ७ ऑगस्ट २०१० ला पाहिली. एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ यांची बंदराबाहेर टक्कर झाली. कंटेनर समुद्रात पडले, तेल उरण-अलिबागच्या खारफुटीपर्यंत गेलं, मासेमारी अडली. एका जहाजावर पनामाचा झेंडा, दुसऱ्यावर सेंट किट्स आणि नेव्हिस या दोन चिमुकल्या बेटांच्या देशाचा. टक्कर झेंड्यामुळे झाली असं मी म्हणत नाही. पण आपल्या किनाऱ्यावरची जहाजं किती दूरच्या झेंड्यांखाली असतात, हे त्या दिवशी कळलं.

सगळेच असे झेंडे वाईट नाहीत. लायबेरिया, मार्शल बेटं यांची जहाजं परदेशी बंदरांतल्या तपासणीत चांगली ठरतात. भीती आहे ती ज्यांच्याकडे ना निरीक्षक, ना धाक, अशा झेंड्यांची. तिथे मालक हात वर करतो आणि खलाशी पगाराविना, कधी अन्नपाण्याविनाही, जहाजावर अडकून पडतात. २०१७ पासून आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार खलाशांना घरी पाठवण्याची आणि चार महिन्यांपर्यंतच्या पगाराची आर्थिक हमी मालकाने ठेवायची असते. पण झेंड्याच्या देशाने करार मानला असेल, तरच तो नीट कामाला येतो.

म्हणून आपल्या भागातल्या आईबापांना माझी कळकळीची विनंती आहे. एजंटाचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा परवाना नौवहन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर तपासा. जहाजाचं नाव, आयएमओ क्रमांक (जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक), झेंडा आणि हमीचा कागद मागून घ्या. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणं नियमाने बंद आहे. जो मागेल, त्याच्याकडे पोराचा पासपोर्ट देऊ नका.