सेकंदाला तीन

चहात एक चमचा साखर घातली, म्हणजे साधारण 5 ग्रॅम. तेवढ्यात कार्बनचे अणू किती, हे एकदा वाण्याच्या यादीमागे मांडून बघितलं. उत्तर आलं 1 वर 23 शून्यं. यातला एकही अणू उसाने मातीतून घेतलेला नाही, सगळे हवेतले. आणि हवेच्या 10,000 रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे असतात जेमतेम चार.

ते वेचून साखरेच्या वाटेला लावतं रुबिस्को नावाचं एन्झाइम. त्याच्या एका रेणूला आठ खिडक्या असतात आणि एका खिडकीवर सेकंदाला तीनेक रेणूंचं काम उरकतं. आपल्या रक्तातलं एक एन्झाइम याच वायूचे दहा लाखांच्या घरात रेणू सेकंदाला हातावेगळे करतं. त्यापुढे रुबिस्को म्हणजे जेवणाच्या सुट्टीकडे डोळे लावून बसलेला कारकून. आपली चमचाभर साखर एकाच खिडकीवर करायला दिली, तर विश्वाच्या आजवरच्या वयाच्या सुमारे 80 हजार पट वेळ लागेल. चहा गार होईल.

वनस्पतींनी यावर काढलेला तोडगा कुठल्याही कचेरीला सुचला असता: भरती. पानाचा नखाएवढा, एक चौरस सेंटिमीटरचा तुकडा घ्या. त्यात सुमारे 5 कोटी हरितलवकं असतात आणि प्रत्येकात रुबिस्को ठासून भरलेलं. पृथ्वीवरचं सगळं रुबिस्को गोळा केलं तर 70 कोटी टन भरेल असा अंदाज आहे. माणशी 85-90 किलो झालं. बहुतेक वाचकांच्या वजनाहून जास्तच. या फौजेच्या जोरावर जमिनीवरच्या वनस्पती वर्षाला सुमारे 12 हजार कोटी टन कार्बन हवेतून ओढतात. आपण कोळसा-तेल जाळून सोडतो त्याच्या बारा पट. त्यातला निम्मा त्या स्वतःच्या श्वसनात परत करतात, ती गोष्ट वेगळी.

आता ऊन. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू बांधायला किमान आठ प्रकाशकण खर्ची पडतात. भर दुपारी आपल्या त्या नखाएवढ्या तुकड्यावर कामाचे प्रकाशकण पडतात सेकंदाला 1 वर 17 शून्यं इतके. सकाळी उजेड कमी, तेव्हा कारकून रिकामे बसलेले. बाराला उजेडाची रेलचेल, तर खिडक्यांवर रांग! गव्हाच्या किंवा भाताच्या एकेका पानाचं निम्म्या उन्हातच भागतं, पुढचं वायाच. ज्या गोष्टीचा तुटवडा, तीच वेग ठरवते, हे ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लॅकमन यांनी 1905 मध्ये मांडलं होतं.

उकाड्यात आणखी एक भानगड होते. रुबिस्को संथ आहेच, शिवाय वेंधळंही आहे: साधारण चारातून एकदा ते कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजनच धरतं, आणि ती चूक निस्तरताना आधी कमावलेला कार्बन हातचा जातो. तापमान वाढलं की चुका वाढतात. त्यात पाणी वाचवायला पानाने पर्णरंध्रं मिटली की आत कार्बन डायऑक्साइड संपत येतो आणि घोळ वाढतच जातो.

ऊस, ज्वारी, बाजरी, मका यांनी हा घोळ मिटवला. कसा, ते हॅच आणि स्लॅक यांनी ऑस्ट्रेलियात उसाच्याच पानांवर प्रयोग करून 1966 मध्ये दाखवलं. बाहेरच्या पेशींत दुसरंच एक एन्झाइम वायू पकडतं आणि शिरांभोवतीच्या पेशींत नेऊन ओततं. तिथे त्याचं प्रमाण दसपटीच्या आसपास चढतं. मग रुबिस्कोला चुकायची सोयच राहत नाही. असा जुगाड केलेल्या जाती सगळ्या वनस्पतींत जेमतेम 3 टक्के, पण जमिनीवरच्या प्रकाशसंश्लेषणात त्यांचा वाटा जवळपास पाव.

रंध्रं कमी उघडावी लागल्याने पाणीही वाचतं. कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूपायी गहू पाण्याचे 500च्या आसपास रेणू हवेत गमावतो, ऊस त्याच्या निम्मे. मग उसाला पाणीपिता का म्हणायचं? तर आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात उभा असतो, एवढंच कारण पुरेसं आहे. पानात तीच यंत्रणा असलेली रब्बी ज्वारी चार महिन्यांत, बरेचदा जमिनीत मुरलेल्या ओलीवरच, भाकरी देऊन मोकळी होते.