त्या रात्री आजोबा कुठे होते?

किल्लारीच्या भूकंपाची रात्र मला लख्ख आठवते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजायला चार मिनिटं कमी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून आम्ही पोरं सोलापूरच्या वाड्यात गाढ झोपलेलो. फडताळातली भांडी खडखडली आणि घोंगडी पांघरलेले आजोबा बॅटरीचा झोत टाकत ओरडले, "उठा रे, बाहेर पळा आधी!"

तीस वर्षं मी हे सांगत आलो. परवा दादा म्हणाला, "अरे, आजोबा त्या वर्षीच्या चैत्रातच गेले की."

मानसशास्त्र शिकवून पोट भरणाऱ्याची ही गत! वर्गात मी उल्रिक नायसर हा मानसशास्त्रज्ञ शिकवतो. त्याच्याआधी अमेरिकेत वर्तनवाद्यांची चलती होती. डोक्यात काय शिजतं ते दिसत नाही, मग त्याच्या नादी कशाला लागायचं? बाहेरून काय दिलं आणि माणूस काय करून बसला, तेवढं मोजा. नायसरनं १९६७ साली 'कॉग्निटिव्ह सायकॉलॉजी' लिहिलं आणि 'मधे काय घडतं' या प्रश्नाला हक्काचं नाव मिळालं. मराठीत आपण त्याला बोधनिक मानसशास्त्र म्हणतो. (विद्यार्थी नावालाच घाबरतात.) नायसरच्या मते आठवण कपाटातून काढलेली घडी नव्हे. चार हाडांवरून अख्खा डायनोसॉर उभा करावा, तशी ती दर वेळी नव्यानं रचली जाते.

त्याचीही एक लख्ख आठवण होती. ७ डिसेंबर १९४१. तेरा वर्षं पूर्ण व्हायला एकच दिवस उरलेला हा पोरगा रेडिओवर बेसबॉलची मॅच ऐकतोय, मधेच पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याची बातमी येते. कित्येक वर्षांनी त्याच्या ध्यानात आलं, डिसेंबरात बेसबॉल कुठला? मग इतरांनी शोधलं. त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये जायंट्स आणि डॉजर्स यांच्यात मॅच खरंच होती, पण अमेरिकन फुटबॉलची. दोन्ही नावं बेसबॉलच्याही संघांची!

१९८६ च्या जानेवारीत चॅलेंजर यान कोसळलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी नायसरनं विद्यार्थ्यांकडून 'बातमी कुठे, कशी कळली' ते लिहून घेतलं. अडीच वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना पुन्हा विचारलं. पाव मुलांचं मुख्य तपशिलांतलं एकही उत्तर जुळेना, आणि खात्री मात्र दांडगी. स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद समोर ठेवला, तरी पहिली आठवण परत आली नाही.

मी माझ्यापुरता उलगडा केला. आजोबांची घोंगडी पुढे काका वापरायचे आणि आवाजही तसाच खर्जातला. म्हणजे माझे आजोबा हे काकाच असणार. फोन लावला. काका हसले. "मी कुठला घरी? मी मिरवणुकीत लेझीम खेळत होतो. उजाडल्यावर आलो."

आता आई उरली. तिला अजून विचारलेलं नाही.