परमुलखांतील शेजारधर्म

'परमुलूख' हा शब्द आपल्याकडे मोठा सैल अर्थानें वापरला जातो. सातासमुद्रांपलीकडचा देश हा परमुलूख. आणि कोंकणांतून खानदेशांत नोकरीस आलेल्या शिक्षकाला तेथलें खेडें हाहि परमुलूखच. बोली वेगळी, अन्न वेगळें, ओळखीचें माणूस नाहीं. अशा वेळीं खरा आधार शेजाऱ्याचा. हा शेजार कसा जुळतो आणि कोठें जुळत नाहीं, याचा थोडा विचार आज करूं.

१९०६ सालीं खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्वेचा भाग पुढें जळगांव जिल्हा झाला, पश्चिमेचा धुळें. आणि धुळ्यांतून १९९८ सालीं नंदुरबार निराळें झालें. या मुलखांत काळी जमीन, कपाशी, ज्वारी आणि केळीच्या बागा. घराघरांतून अहिराणी, तर यावल-रावेरकडे लेवा बोली. पुणेरी मराठीची संवय असलेल्या माणसास पहिले कांहीं दिवस निम्मेंच बोलणें कळतें.

तथापि या मुलखांत पाहुण्याला शेजारी करून घेण्याची एक सोपी रीत आहे. उन्हाळ्यांत घरोघर उडदाचे पापड होतात. हें काम एकटीचें नव्हे. आळींतल्या बायका आपापलें पोळपाट-लाटणें घेऊन आज एकीच्या घरीं जमतात, उद्यां दुसरीच्या. मजुरी कोणी देत नाहीं. जी आपल्याकडे आली, तिच्याकडे आपण जावयाचें, एवढाच नियम. महाराष्ट्राच्या खेड्यांतून शेतकामाची 'सावड' चालते, तीहि याच नियमावर : तुझे बैल आज माझ्या शेतांत, माझे उद्यां तुझ्या.

नवख्या बाईच्या घरीं पहिल्या वर्षीं पापडांचें ताट पोंचतें. तें आतिथ्य झालें. परंतु ज्या दिवशीं "ताई, तुमचें लाटणें घेऊन या" असा निरोप येतो, त्या दिवशीं खरा शेजार सुरू होतो. हात बसलेला नसला तर तिला खाटेवर पापड वाळत घालण्याचें काम देतात. पण काम देतात, हें महत्त्वाचें. नुसतें घेत राहणारा माणूस मिंधा होतो आणि नुसता देत राहणारा कंटाळतो. दोन्ही बाजूंनीं देणें-घेणें चालूं राहिलें म्हणजेच दयेचें रूपांतर शेजारधर्मांत होतें. हा हिशेब कधींच पुरा मिटवावयाचा नसतो. म्हणून तर आलेलें भांडें रिकामें परत धाडूं नये, अशी आपली चाल आहे.

ज्याच्यापाशीं शेत नाहीं, बैल नाहींत, त्यानें काय द्यावें? याचें उत्तर साने गुरुजींच्या चरित्रांत सांपडतें. ते कोंकणांतील पालगडचे. १९२४ सालीं ते अमळनेरच्या शाळेंत शिक्षक झाले आणि वसतिगृहाचा भारहि त्यांनीं उचलला. मुलांच्या खोल्या झाडणें, कंदील पुसून ठेवणें, आजारी मुलाच्या उशाशीं बसणें हीं कामें ते स्वतः करीत. शिवाय 'छात्रालय' नांवाचें हस्तलिखित दैनिक मुलांसाठीं लिहीत. १९३० सालीं सत्याग्रहासाठीं त्यांनीं नोकरी सोडली, परंतु खानदेश सोडला नाहीं. १९३६ सालीं फैजपूर येथें काँग्रेसचें खेड्यांतील पहिलें अधिवेशन भरलें, त्याच्या तयारीसाठीं पूर्व खानदेशांतील गांवें ते हिंडले, तें तेथलेच होऊन.

आतां दुसरी बाजू पाहिली पाहिजे. याच खानदेशांतून दरवर्षीं अनेक मजूर कुटुंबें दक्षिण गुजराथेंत ऊसतोडणीस जातात. नवरा-बायकोच्या जोडीस तेथें 'कोयता' म्हणतात. माणसाचें नांव हत्यारांत बुडून जातें. गांवाबाहेर त्यांचीं पालें पडतात. तीं महिनोन् महिने तेथें राहतात, पण तेथील शेजार त्यांना क्वचितच लाभतो. याचें कारण गांवकऱ्यांचें मन वाईट, असें नव्हे. मुकादमाकडून उचल घेऊन आलेल्या माणसाचे श्रम आधींच विकले गेलेले असतात, आणि एका शेताची तोड संपतांच तळ हलतो. शेजाऱ्याला देण्यासाठीं त्याच्यापाशीं वेळहि उरत नाहीं आणि जागाहि. जेथें देण्याची सोय नाहीं, तेथें शेजार रुजत नाहीं.

शहरांतील घरांनीं यांतून घेण्यासारखी गोष्ट साधी आहे. आपल्या वाड्यांत, चाळींत किंवा इमारतींत बाहेरगांवचें कुटुंब आलें, तर त्यांस फराळाचें ताट अवश्य धाडावें. पण तेवढ्यावर थांबूं नये. एखादे दिवशीं त्यांच्याकडे विरजण मागावें, दुपारभर आपलें मूल त्यांच्या घरीं सोंपवावें, त्यांच्या बोलींतले दोन शब्द विचारावे. मदत करणें हें चांगुलपणाचें लक्षण खरेंच. परंतु मदत मागण्यांत त्याहून अधिक विश्वास असतो. परक्या माणसाला हवा असतो तो हाच विश्वास.