खरकटं तोंड
दात आणि घर : लेखांक ६

मागच्या आठवड्यात मिशरीवर लिहिलं, त्यानंतर बरेच फोन आले. त्यातले निम्मे मिशरीबद्दल नव्हतेच. "आमच्याकडे मिशरी कोणी लावत नाही हो, पण ह्यांच्या तोंडाला वास येतो. पोटाचं काही असेल का?" अशी सुरुवात, आणि पुढचं सगळं दबक्या आवाजात. एक बाई तर गच्चीवर जाऊन बोलत होत्या, खाली घरात कोणी ऐकू नये म्हणून. तेव्हा ठरवलेला विषय पुढे ढकलून हा आठवडा वासाला.

आधी पोटाचं निकालात काढू. तोंडाच्या वासाचा आणि पोटाचा संबंध आपल्याकडे इतका पक्का धरलेला आहे, की लोक वर्षानुवर्षं त्रिफळा चूर्ण घेतात, इसबगोल घेतात, सकाळी उठून तांब्याभर कोमट पाणी पितात. पोट साफ होतं, वास तसाच राहतो. कसा जाईल? अन्ननलिका एरवी मिटलेली असते. ढेकर आली, आंबट पाणी वर आलं, तर तेवढ्यापुरता वास येतो. पण दिवसभर बोलताना समोरच्याला जो वास जाणवतो, तो दहापैकी आठ-नऊ जणांच्या बाबतीत तोंडातच तयार झालेला असतो. उरलेल्यांमध्ये नाक, टॉन्सिल, सायनस यांचा नंबर आधी लागतो. पोटाचा खूप नंतर.

तोंडात म्हणजे कुठे? आरशासमोर जीभ बाहेर काढा. पुढचा भाग गुलाबी दिसेल, तो बोलताना आणि खाताना आपोआप घासला जातो. आता मागे बघा, घशाच्या बाजूला. तिथे पांढरट-पिवळट थर दिसेल. जिभेचा तो भाग जुन्या गालिच्यासारखा आहे. त्याच्या खाचांमध्ये अन्नाचे कण, गालाच्या आतून गळलेल्या पेशी आणि नाकातून घशात उतरलेला शेंबूड साठतो. तिथे हवा पोचत नाही, आणि हवेशिवाय जगणाऱ्या जंतूंना नेमकी तीच जागा मानवते. हे जंतू प्रथिनं कुजवतात आणि त्यातून गंधकाचे वायू सुटतात. कॅनडातले संशोधक जोसेफ टोन्झेटिच यांनी १९६० आणि ७०च्या दशकांत हे वायू मोजून दाखवले. एक हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याचा वास. दुसरा मिथिल मरकॅप्टन. गॅस सिलिंडर गळला तर कळावं म्हणून त्यात जो घाण वासाचा पदार्थ मिसळतात, तो इथिल मरकॅप्टन. दोघे सख्खे चुलतभाऊ. स्वयंपाकघरात तो वास आला की आपण खिडक्या उघडतो. तोंडातून आला की वेलची खातो.

या जंतूंना रोखणारी घरचीच एक गोष्ट आहे, ती म्हणजे लाळ. दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते आणि ती तोंड सतत धूत राहते. झोपेत मात्र हा नळ जवळजवळ बंद होतो. सकाळी उठल्यावर प्रत्येकाच्या तोंडाला वास येतो तो याचमुळे. तो आजार नव्हे, दात घासले, चहा-नाश्ता झाला की जातो. पण रात्री जेवून तसंच झोपलेल्या माणसाच्या तोंडात त्या सात-आठ तासांत बरंच काही होऊन जातं.

माझी आई रात्री कितीही उशीर झाला तरी खरकटी भांडी ठेवायची नाही. पाहुणे असोत, ताप असो, मोरीत ताट दिसलं की ती उठायची. खरकटं रात्रभर घरात ठेवलं की लक्ष्मी थांबत नाही, हे तिचं ठाम मत. भांडी झाली, ओटा पुसला, गॅसच्या शेगडीखालचं फडकं पिळून दांडीवर टाकलं की मग ती पानाच्या डब्यातलं सुपारीचं खांड गालात धरायची आणि आडवी व्हायची. साठीला तिच्या तोंडात सहा दात उरले होते. मी दातांचा डॉक्टर. तिला सांगायला मी फार उशीर केला आणि तिने ऐकायला त्याहून.

आपल्या बहुतेक घरांत हे असंच आहे. सकाळी दात घासल्याशिवाय चहा नाही, हा नियम अगदी कडक. घासण्याची खरी गरज रात्री असते, तेव्हा मात्र मुखशुद्धी. बडीशेप, सुपारी, मसाला पान. त्यातली रंगीत बडीशेप तर साखरेत घोळलेली, म्हणजे जंतूंसाठी जेवणानंतरचं गोड. मुखशुद्धी हा शब्द आपण फार स्वस्तात वापरतो. त्याने वासावर वास चढतो, शुद्धी कसलीच होत नाही. एकदाच दात घासायचे असतील तर ते रात्री घासा, असं मी सांगतो तेव्हा समोरचा हसतो. मी गंमत करत नसतो.

रात्रीचं काम तीन-चार मिनिटांचं आहे. फ्लोराइड असलेली पेस्ट, मऊ ब्रश, दोन मिनिटं. जोर नको. ब्रशचे केस हिरडी आणि दात मिळतात त्या रेषेवर तिरके टेकवून हलवायचे, कारण घाण तिथे बसते. मग जीभ. तांब्याची किंवा स्टीलची पट्टी जमेल तितकी मागे न्यायची आणि हलक्या हाताने पुढे ओढायची, चार-पाच वेळा. पहिले काही दिवस उबळ येईल. श्वास सोडत ओढलं तर कमी येते. सकाळी खाकरत, ओकारी काढत जीभ खरवडणारे आजोबा आपण सगळ्यांनी ऐकलेत. तेवढी कुस्ती नको. आणि शेवटी पेस्ट थुंकून टाकली की पुन्हा पुन्हा खळखळून चुळा भरू नका, फ्लोराइड दातांवर राहू द्या.

दातांच्या फटींपर्यंत ब्रश पोचत नाही. तिथे दोरा फिरवावा, नाहीतर बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लू वाटावं असा बारीक ब्रश मिळतो तो घालावा. फटीतून काढलेला दोरा एकदा नाकाशी धरून बघा. वास कुठून येतो, याबद्दल मग माझ्या लेखाची गरज उरत नाही. बांगडीतली सेफ्टीपिन काढून दाढेत घालणाऱ्या मावश्यांना माझी हात जोडून विनंती आहे. पिनेने अन्न निघतं, हिरडीही निघते.

जीभ स्वच्छ, दात घासलेले, तरी वास येतो, असं झालं तर हिरड्या बघायच्या. ब्रश केल्यावर थुंकी लाल दिसते? मग तिथे सूज आहे. आपल्याकडे होतं असं, की रक्त दिसलं की माणूस घाबरून त्या बाजूला ब्रश लावणंच सोडतो. कचरा वाढतो, सूज वाढते, रक्तही वाढतं. महिनाभर सोडलेल्या त्या जागेवर कीटण धरतं, आणि कीटण एकदा दगडासारखं झालं की ब्रशने निघत नाही, ते दवाखान्यातच काढावं लागतं. यावर ठरलेली शंका असते: "क्लीनिंग केलं की दात हलायला लागतात म्हणे?" दात आधीच हलत असतात. हाड झिजलेलं असतं आणि कीटणाचा गिलावा त्यांना धरून उभा असतो. गिलावा निघाला की भिंत हलते, एवढंच. आणखी दोन वर्षं थांबलात तर गिलाव्यासकट पडेल.

मधुमेह असलेल्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. साखर वाढलेली असली की हिरड्या लवकर सुजतात, आणि सुजलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात येणं अवघड होतं. दोन्ही बाजूंनी. चाळिशीत दात हलायला लागलेल्या माणसाला आम्ही साखर तपासून घ्यायला सांगतो ते उगाच नाही. आणि मधुमेही माणसाच्या श्वासाला नेलपॉलिश पुसायच्या औषधासारखा, पिकल्या फळासारखा वास येऊ लागला, सोबत उलट्या किंवा धाप असेल, तर ते दातांचं काम नव्हे. त्याच वेळी दवाखाना गाठायचा.

आता मुलं. लहान मुलाच्या तोंडाला सकाळचा वास सोडून एरवी वास येऊ नये. येत असेल तर ते तोंडाने श्वास घेतं का बघा. नाक चोंदलेलं, ॲडेनॉइड वाढलेले, रात्री तोंड उघडं, तोंड कोरडं, मग वास. नाकाच्या एकाच बाजूने घाण वासाचा शेंबूड येत असेल तर नाकात काहीतरी अडकलं आहे असं धरून चाला. चिंचोका, मणी, थर्माकोलची गोळी. काही दिवसांपूर्वीचा उद्योग पोराने सांगितलेला नसतो. घरी चिमटा घालून काढायला जाऊ नका, आत ढकलला जातो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या.

दुसरं, सहाव्या वर्षी सगळ्यात मागे जी दाढ येते ती कायमची असते. कुठलाही दात न पडता ती गुपचूप येते, म्हणून आईवडील तिला दुधाची समजतात. "पडणारच आहे ना" म्हणून ती किडू देतात. ती पडणार नाही, तिच्यावर आयुष्यभर जेवायचं आहे. मुलांसाठी एक सोपी युक्ती: दात झोपताना नका घासायला लावू, रात्रीच्या जेवणाचं ताट उचललं की लगेच लावा. झोपायच्या वेळी ती कार्टून बघत सोफ्यावर पेंगलेली असतात आणि त्या अवस्थेतल्या पोराचे दात घासणं म्हणजे मांजराला आंघोळ घालणं. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीत दाखवतात तसं ब्रशभर नाही. आणि सात-आठ वर्षांचं होईपर्यंत ब्रश तुमच्या हातात.

लसणाचं थोडं वेगळं आहे. ठेचा-भाकरी खाल्लीत, मग तीनदा दात घासलेत तरी वास येतोच, कारण लसणातला एक गंधकयुक्त पदार्थ रक्तात जातो आणि फुप्फुसांतून बाहेर पडतो. तिथे ब्रश पोचत नाही. ओहायो स्टेट विद्यापीठात २०१० साली झालेल्या अभ्यासात लसणाबरोबर दूध प्यायलं तर हा वास कमी होतो असं दिसलं, तेही साय असलेलं दूध आणि जेवतानाच घेतलेलं. ठेच्याबरोबर दूध कोण पिणार, हा प्रश्न मी वाचकांवर सोडतो. उपासाच्या दिवशीचा वासही असाच. खाणं कमी, पाणी कमी, लाळ कमी, आणि जे खातो ती साबुदाण्याची खिचडी दाढांना चिकटून बसणारी. पाणी पीत राहा. ज्यांचा निर्जळी उपास आहे त्यांनी निदान जीभ तरी घासावी, त्याने उपास मोडत नाही.

माऊथवॉशबद्दल विचारलं होतं. लिस्टरीन १८७९ साली अमेरिकेत तयार झालं ते शस्त्रक्रियेच्या जागा निर्जंतुक करायला. नाव घेतलं ते सर्जन जोसेफ लिस्टर यांचं. १९२०च्या दशकात कंपनीने जाहिरातींतून लोकांना तोंडाच्या वासाची लाज वाटायला लावली आणि खप कुठल्या कुठे गेला. माऊथवॉश वाईट नाही, पण जीभ न घासता ते वापरणं म्हणजे न धुतलेल्या ताटावर अत्तर शिंपडणं. डॉक्टर कधी कधी क्लोरहेक्झिडिनचं लिहून देतात, ते सांगितलेल्या दिवसांपुरतंच घ्या. महिनोन्‌महिने वापरलं तर दातांवर तपकिरी डाग येतात.

रक्तदाबाच्या, ॲलर्जीच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. तसं वाटलं तर गोळी स्वतःहून बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगायचं आणि घोट घोट पाणी घेत राहायचं.

राहिला सगळ्यात अवघड भाग, सांगायचं कसं. स्वतःचा वास स्वतःला कळत नाही, नाक त्याला सरावतं. बायको कूस बदलून झोपते, नवरा बोलताना मान वळवतो, ऑफिसात शेजारचा च्युइंगगम पुढे करतो. सांगत कोणीच नाही. सांगतं ते नातवंड. "आजोबा, तुमच्या तोंडाला घाण वास येतो." लगेच सून त्याला दटावते आणि आजोबा हसून विषय बदलतात. ते पोर घरातलं एकमेव निष्पक्ष यंत्र आहे, त्याला दटावू नका. उलटही असतं. काही मुलामुलींना आपल्या तोंडाला वास येतो असं पक्कं वाटत असतं आणि तसं काहीच नसतं. तीही माणसांत बोलायची बंद होतात. घरातल्या विश्वासाच्या एका माणसाला स्पष्ट विचारा आणि तो म्हणेल ते खरं धरा.

इतकं करून तीन-चार आठवड्यांत फरक पडला नाही तर आधी दातांचा डॉक्टर, मग कान-नाक-घशाचा, पोटाचा त्यानंतर. फोनवर ज्यांनी "ह्यांना कसं सांगू" विचारलं, त्यांनी हा लेख टीपॉयवर उघडा ठेवून स्वयंपाकघरात जावं.

पुढच्या आठवड्यात कवळी. ज्यांच्या घरी कवळी रात्रभर तोंडातच राहते, त्यांनी लेखाची वाट न बघता आज रात्रीच ती काढून, धुऊन, वाटीभर साध्या पाण्यात ठेवायला सुरुवात करावी.