करप्याची फवारणी आणि शाळेची हवामान-वही

बटाट्यावर पावसाळ्यात येणारा करपा हा एका सूक्ष्म, बुरशीसदृश जीवामुळे होणारा रोग होय. १८४५ साली आयर्लंडमध्ये याच रोगाने बटाट्याचे पीक नासविले आणि पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व साथींनी दगावली. पुणे व सातारा जिल्ह्यांत खरीप बटाटा पिकविणाऱ्या गावांस हा रोग अपरिचित नाही. टोमॅटोसही तो सोडीत नाही.

फवारणीसाठी कित्येक शेतकरी आठवड्याचा ठराविक वार धरतात. कित्येक पानांवर डाग दिसण्याची वाट पाहतात. पहिल्या रीतीने कोरड्या हवेत औषध व पैसा व्यर्थ जातो. दुसरी त्याहून घातक. डाग दिसतो तेव्हा रोग पानात शिरून तीन ते सात दिवस लोटलेले असतात, आणि बोर्डो मिश्रणासारखी स्पर्शजन्य औषधे पानाच्या पृष्ठभागावरच काम करतात. चोर घरात शिरल्यावर कडी लावण्यासारखाच तो प्रकार होय.

रोगाचा शिरकाव होण्यास पानावर पाण्याचा पातळ थर काही तास टिकावा लागतो. गार हवेत एकेका बीजकोशातून अनेक बीजाणू बाहेर पडतात व त्या थरात अक्षरशः पोहतात. म्हणून ढगाळ आकाश, झिमझिम पाऊस व उशिरापर्यंत न सुकणारे दव ही धोक्याची लक्षणे समजावीत. मोठी सर येऊन लगेच कडक ऊन पडले, तर भय त्या मानाने कमी.

ब्रिटनमध्ये २०१७ सालापासून यासाठी ‘हटन निकष’ वापरतात: लागोपाठ दोन दिवस किमान तापमान १० अंश सेल्सियस वा अधिक, आणि प्रत्येक दिवशी निदान ६ तास सापेक्ष आर्द्रता ९० टक्के वा अधिक. हे आकडे येथे जसेच्या तसे उचलणे बरे नव्हे. दख्खनच्या पावसाळ्यात पारा १० अंशांखाली सहसा उतरतच नाही. त्यामुळे निकषाचा पहिला भाग येथे काहीच सांगत नाही. खरे पाहावयाचे ते ओलाव्याचे तास.

हे काम शाळेस सहज करता येते. सावलीत दोन तापमापक टांगावेत व एकाच्या फुग्यास ओले फडके गुंडाळावे. पुठ्ठ्याने थोडा वेळ वारा घालून दोन्ही पारे वाचावेत. हवा २० अंशांच्या सुमारास असता दोहोंतील अंतर एक अंशाहून कमी भरले, तर आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर आहे असे समजावे. वहीत आकाश, पाऊस व दव सुकल्याची वेळही नोंदवावी. ही शेवटची नोंद विद्यार्थी मोठ्या हौसेने करतात.

लागोपाठ दोन दिवस अशी हवा राहिली व पुढेही पावसाचा अंदाज असला, तर पालकांस कळवावे. त्यांनी उघडीप साधून, पाने कोरडी व वारा शांत असता, पानांच्या खालच्या बाजूसही फवारा पोचवावा. जोराच्या पावसाने औषध धुपते आणि नवी पालवी उघडीच राहते, हे ध्यानात ठेवावे.

मात्र हा हिशेब भुरीस लावू नये. काकडी-भोपळ्यावरील ही पांढरी बुरशी पाने ओली नसतानाही फैलावते.

फवारणी चालू असता विद्यार्थ्यांस शेतात नेऊ नये. औषध कालविणे हेही त्यांचे काम नव्हे.